वसंतात कशेळ्याला जाताना

फेब्रुवारी संपत आला की कर्जत तालुक्यात जमिनीचे दोन रंग दिसतात. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागा. एका अंगाला माळ वाळलेला, गवत कापून नेलेलं, पळसावर एक पान नाही आणि फांदीफांदीला केशरी फुलं. दुसऱ्या अंगाला मात्र गुडघाभर उंचीचा हिरवागार भात. कोकणात भात पावसाळ्यातच होतो असं धरून चालणारा माणूस इथे थबकतो. हे दोन रंग शेजारीशेजारी का, हे समजून घेतलं की या भागातला वसंतातला प्रवासही नीट आखता येतो. कारण या दिवसांत इथे सगळं पाणी ठरवतं: मुक्काम कुठे करायचा, चढायला किती वाजता लागायचं, कुठल्या नदीत पाय घालायचा नाही आणि कोणाच्या विहिरीला हात लावायचा नाही.

बहुतेक लोक इकडे पावसाळ्यात येतात. धबधब्यांच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, शनिवार-रविवारी नदीकाठी पाऊल ठेवायला जागा नसते आणि दरवर्षी कोणाचं ना कोणाचं मूल बुडाल्याची बातमी येते. डोंगर ढगात असतात, लेण्यांसमोर पाण्याचा पडदा असतो, कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. कर्जत-खालापूरचे डोंगर, लेणी आणि जुन्या घाटवाटा खरोखर बघायच्या असतील, तर महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यापासून साधारण होळीपर्यंतचा काळ धरा. रात्री अजून गार असतात, पहाट चालायला सुरेख असते. मार्चच्या मध्यानंतर पूर्वेकडचे गरम वारे कोकणात शिरले की पारा 40 च्या वर जातो. मग हा प्रवास फक्त पहाटे आणि संध्याकाळी करण्याजोगा उरतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी घरांतून आता स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या सहली निघतात. डोंगर, तळी आणि जुनी गावं एकाच फेरीत बघायची, हे त्या सहलींचं सूत्र. तीच तीन सुखं कशेळ्याच्या आसपास दिवस-दिवसाच्या अंतरावर आहेत. फरक ऋतूच्या दिशेचा आहे. आल्प्समध्ये वसंतात बर्फ वितळतं, ओढे फुगतात, तळी भरायला लागतात. सह्याद्रीत वसंत म्हणजे पाणी मागे सरण्याचा काळ. म्हणून तिकडची सवय इकडे चालत नाही. वाटेत झरा लागेल, बाटली भरून घेऊ, असं समजून निघालेला माणूस दुपारपर्यंत अडचणीत येतो.

मुक्काम कशेळ्यातच का

कशेळे हे तिठ्याचं गाव आहे. कर्जत, नेरळ आणि मुरबाड या तिन्ही बाजूंचे रस्ते इथे येतात आणि पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी जाणारे खांडस आणि आंबिवलीचे फाटे इथूनच धरावे लागतात. आठवड्याच्या गरजेचं सगळं बाजारात मिळतं आणि गावात ग्रामीण रुग्णालय आहे. डोंगरात जाणाऱ्याने ही शेवटची गोष्ट सगळ्यात आधी लक्षात ठेवावी. मुंबईहून येणाऱ्यांनी कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला किंवा कर्जतला उतरावं. दोन्हीकडून एसटी आणि प्रवासी वाहनं मिळतात. पुण्याकडून येताना कर्जतला थांबणारी गाडी निवडा. कशेळ्यापुढे मात्र एसटीच्या फेऱ्या मोजक्या असतात. पहाटे पायथ्याशी पोहोचायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच गावातल्या रिक्षावाल्याशी किंवा जीपवाल्याशी बोलून ठेवा आणि परतीची वेळही तेव्हाच पक्की करा. डोंगराच्या कुशीत गेल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. सुटे पैसे रोख जवळ असू द्या.

राहायला या पट्ट्यात शेतघरं आणि कृषी पर्यटन केंद्रं पुष्कळ झाली आहेत. जागा ठरवताना लोक पोहण्याचा तलाव आहे का ते विचारतात. माझं सांगणं आहे की पाणी कुठून येतं ते विचारा. मार्च-एप्रिलमध्ये टँकरवर चालणाऱ्या जागेपेक्षा साधी, घरगुती, विहिरीवरची जागा निवडा. जेवणही तिथे चांगलं मिळतं: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सांगून ठेवलं तर गावठी कोंबडी. भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर या भागात वाल होतो, त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलात तर शेंगांची पोपटीही खायला मिळेल. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून शेतावरच ती लावतात.

पेठचा किल्ला आणि आंबिवलीचं लेणं

पहिला दिवस पेठच्या किल्ल्याला द्या. कागदोपत्री तो कोथळीगड, पण आजूबाजूला कोणालाही विचाराल तर पेठ म्हणाल्याशिवाय वाट दाखवणार नाहीत. पायथ्याचं गाव आंबिवली. तिथून पेठ गावापर्यंत चांगली रुळलेली वाट आहे, दीड ते दोन तास लागतात. पेठ हे किल्ल्याच्या माचीवरचं गाव. तिथे थांबून ताक घ्या, परतीच्या वेळी जेवण लागणार असेल तर किती माणसं आहेत ते सांगून ठेवा आणि मग सुळक्याकडे चला.

या किल्ल्याची गंमत त्याच्या पोटात आहे. सुळक्याच्या पायाशी कोरीव खांबांची मोठी गुहा आहे आणि तिथून माथ्यावर जाणाऱ्या पायऱ्या सुळक्याच्या आतून, कातळ पोखरून काढलेल्या आहेत. पावसाळ्यात या पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं. वसंतात त्या कोरड्या असतात आणि एकेका पायरीवरचे छिन्नीचे घाव दिसतात. या किल्ल्याचा आकार लहान आहे, तरी आजूबाजूच्या घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी त्याचं मोल फार होतं. म्हणूनच संभाजी महाराजांच्या काळात, 1684 मध्ये, मोगलांनी तो घेतल्यावर परत मिळवण्यासाठी मराठ्यांनी झुंज दिली. माथ्यावर उभं राहिलं की भीमाशंकरची भिंत, पदरगड, उत्तरेला सिद्धगड आणि पश्चिमेला माथेरानचा लांबलचक डोंगर नजरेत येतो. मार्चमध्ये हवेत धुरकटपणा असतो, त्यामुळे हे दृश्य हवं असेल तर सकाळी नऊच्या आत माथा गाठा. अकराच्या सुमारास उतरणीला लागलेलं उत्तम.

दोन धोके इथे नीट सांगायला हवेत. पहिला घसाऱ्याचा. पावसाळ्यात चिखलावर घसरतो तसा माणूस वसंतात सुट्या मुरमावर आणि वाळल्या गवतावर घसरतो, आणि चढताना नाही, उतरताना. तळाला चांगली पकड असलेले बूट घाला, हातात काठी घ्या, टाच आधी टेका आणि उतारावर पळू नका. दुसरा धोका आग्या मोहोळाचा. कड्यांना, गुहांच्या छताला, उंच झाडांना या दिवसांत मोठाली पोळी असतात. गडकोटांवर माणसं सापडतात ती बहुधा धुरामुळे, अत्तरामुळे किंवा कोणीतरी मारलेल्या दगडामुळे. अंगाला सुगंधी काही लावून डोंगरात जाऊ नका, गुहेत चूल पेटवू नका, आरडाओरडा करू नका. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. उपरणं किंवा ओढणी तोंडाभोवती गुंडाळा आणि आल्या वाटेने सांभाळून, पण न थांबता दूर निघा. डंख खूप झाले असतील, श्वास जड वाटत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

परतताना आंबिवलीचं लेणं चुकवू नका. चिल्हार नदीच्या काठी, फार कोणी जात नाही अशा जागी हे बौद्ध लेणं आहे. मधे मोठा मंडप, तीन बाजूंना चार-चार मिळून बारा खोल्या, भिंतीलगत बसायला दगडी बाक. घाटावरून कोकणात उतरणारे व्यापारी आणि भिक्षू नदीकाठी का थांबत असतील ते दुपारच्या उन्हात आत पाऊल टाकलं की अंगालाच कळतं. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांनी या लेण्याचं पुष्कळ नुकसान केलं आहे. तुमच्याबरोबरच्या मुलांना ते आधीच सांगून ठेवा. जवळच जामरुंगच्या बाजूला सोलनपाड्याचं छोटं धरण आहे. पावसाळ्यात ते गर्दीने फुललेलं असतं. मार्चमध्ये पाणी उतरलेलं असतं, काठावर बगळे आणि ढोकरी असतात. उरलेलं पाणी आसपासच्या गुराढोरांच्या आणि शेतीच्या कामाचं असतं. साबण-शाम्पू लावून त्यात आंघोळ करू नका.

भीमाशंकर: दोन वाटा, एक निवड

दुसऱ्या दिवशी खांडस. इथून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन प्रसिद्ध वाटा आहेत, गणेश घाट आणि शिडी घाट. गणेश घाट लांबचा, गणपतीच्या देवळावरून वळसा घालत जाणारा, नवख्यांनी आणि वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी निवडावा असा. शिडी घाट जवळचा, पण कड्यावरचा. लोखंडी शिड्या आहेत, काही ठिकाणी कातळात हातापायांना खोबणी शोधावी लागतात. ‘वसंतात खडक कोरडा असतो, म्हणजे शिडी घाट सोपा,’ असं पुष्कळजण सांगतील. खडक कोरडा असतो हे खरं, पण उंचीची भीती कोरडी होत नाही आणि अर्ध्यात अडकलेल्या माणसाला तिथून खाली आणणं फार अवघड असतं. गटातल्या एकालाही उंचीचा त्रास असेल तर सगळ्यांनी गणेश घाटाने जावं. दोन्ही वाटा पदरवाडीच्या सपाटीवर एकत्र येतात. तिथून दुसरा, दाट झाडीतला चढ सुरू होतो. पहाटे साडेपाचला पायथा सोडलात तर कडक उन्हाच्या आधी या झाडीत शिरता येतं. सगळ्या वेळापत्रकात जपण्यासारखी वेळ हीच आहे.

माणशी किमान चार लिटर पाणी खालून घ्या. हे ओझं वाटतं, पण पदरवाडीतल्या माणसांसाठी मार्च-एप्रिलमधलं पाणी किती कष्टाचं असतं हे पाहिलं की ते ओझं वाटेनासं होतं. वाडीत सरबत किंवा चहा जरूर घ्या, त्याचे पैसे द्या, पण बाटल्या भरून मागू नका. मीठ-साखर-पाण्याची पाकिटं, टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा आणि विजेरी एवढं बरोबर हवं. वाटेत दगड उलटू नका, कपारीत हात घालू नका. फुरसं इथे सर्रास आढळतं आणि त्याला दगडाखालची सावली आवडते.

वरचं जंगल भीमाशंकर अभयारण्याचं. शेकरूसाठी म्हणून 1985 मध्ये ते जाहीर झालं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी, तांबूस खार जमिनीवर क्वचितच उतरते. ती बघायची तर मान वर करून चाला. झाडाच्या शेंड्याजवळ काटक्या-पानांचा चेंडूसारखा गोळा दिसला की ते तिचं घरटं. गप्पा थांबवून पाच मिनिटं उभे राहिलात तर फांद्यांच्या हालण्यावरून ती कळते. वसंतात या रानात आणखी खूप काही चालू असतं. कुसुंबाला लालभडक पालवी येते, पांगारा आणि काटेसावर पक्ष्यांनी गजबजलेले असतात, करवंदीची पांढरी फुलं जाळीभर सुटतात आणि मार्चच्या अखेरीस अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात. तांबट पक्ष्याची टुकटुक दुपारभर साथ करते. काजव्यांसाठी मात्र मेअखेर-जूनपर्यंत थांबावं लागतं. त्यासाठी वेगळी खेप करा आणि त्या खेपेत विजेरीचे झोत झाडांवर मारू नका.

या दिवसांत पानगळीचा थर पायाखाली घोटाभर असतो. एका विडीने डोंगर पेटतो. वणवा लागल्यावर तो उताराने वर धावतो, म्हणून खालच्या बाजूला धूर दिसला तर त्याच्या वर चढत राहू नका, बाजूला होऊन मोकळ्या खडकावर या आणि वनखात्याला किंवा जवळच्या वाडीला कळवा. अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकू नका.

भीमाशंकरचं देऊळ चढाच्या दमणुकीनंतर घाईने उरकण्याचं ठिकाण नाही. देवळासमोरची मोठी घंटा आवर्जून बघा. ती युरोपी घडणीची आहे. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेनंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या. नाना फडणवीसांनीही या देवळाच्या बांधकामात हात घातला होता. दर्शनाची आणि परिसरातल्या कामांची स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्या. त्याच वाटेने उतरायची ताकद नसेल तर वरून मंचर, राजगुरुनगर, पुण्याकडे एसटी मिळते. माझ्या मते हेच शहाणपणाचं. सामान कमी ठेवा, चढताना कोकणातून या आणि घाटावरून परत जा, म्हणजे सह्याद्रीच्या दोन्ही बाजू एका दिवसात समजतात.

हिरव्या भाताचं पाणी

भीमाशंकरला भीमा उगम पावते आणि पूर्वेला, पंढरपूरमार्गे, कृष्णेला मिळते. त्याच डोंगररांगेवर थोडं दक्षिणेला, मावळात, आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. आंध्रेचं पाणी स्वभावाने इंद्रायणीत आणि तिथून भीमेतच जायचं. टाटांनी ते पश्चिमेला वळवलं. घाटाच्या कड्यावरून नळांनी खाली सोडून त्यावर 1922 मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्याआधी 1915 मध्ये खोपोलीचं आणि नंतर 1927 मध्ये भिऱ्याचं, अशी ही तीन वीजघरं. मुंबईच्या गिरण्या आणि पुढे रेल्वे या विजेवर चालली.

वीज करून झालं की पाणी सुटतं ते पेज नदीत आणि राजनाल्याच्या कालव्यात. तुम्हाला रस्त्यालगत दिसलेला उन्हाळी भात या पाण्यावरचा. जानेवारीत लावणी होते, एप्रिल-मेमध्ये कापणी. कर्जतला 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे आणि ‘कर्जत 3’, ‘कर्जत 184’ हे वाण कोकणातल्या शेतकऱ्यांना तिथूनच मिळाले. पुढे पेज उल्हासला मिळते आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणपर्यंतची माणसं उन्हाळ्यात जे पाणी पितात त्यात भिवपुरीहून सुटलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो. डोंबिवलीहून सहलीला आलेला वाचक पेजच्या काठी उभा असतो तेव्हा तो आपल्याच नळाच्या पाण्याकडे बघत असतो. हे पाणी भीमेच्या खोऱ्याला परत द्यावं अशी मागणी घाटावरून अनेक वर्षं होते आहे. इथल्या शेतकऱ्याला त्या मागणीचं काय वाटतं ते चहाच्या टपरीवर विचारून बघा, तासभर बोलेल.

यातून निघणारी सूचना जिवाची आहे. पेज, उल्हास किंवा खोपोलीकडची पाताळगंगा, वीजघराखालच्या कुठल्याही नदीत वसंतात पाणी शांत आणि उथळ दिसलं तरी ते तसंच राहील असं समजू नका. वीजनिर्मिती वाढली की पाणी वाढतं, आणि आकाशात ढग नसल्यामुळे कोणाला संशय येत नाही. मधल्या खडकांवर जेवणं मांडू नका, मुलांना एकटं उतरू देऊ नका, गावकरी ‘इथे नको’ म्हणाले तर वाद घालू नका. वीजघर बाहेरूनच बघायचं असतं. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: नेरळ आणि कर्जतच्या मधलं भिवपुरी रोड स्टेशन आणि वीजघराचं भिवपुरी यांत बरंच अंतर आहे. त्या स्टेशनवर उतरून चालत जाऊ, असा बेत करू नका. कर्जतहून वाहन करा.

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथल्या ठाकर-कातकरी वाड्यांना तंतोतंत लागू आहे. हिरव्या शेतांपासून थोड्याच अंतरावर, कालव्याच्या पातळीच्या वर असलेल्या वाड्यांतल्या बायका एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे घेऊन चढतात. म्हणून वाडीतल्या विहिरीवर जाऊन तोंड धुणं, पाय धुणं हे अजिबात करू नये. त्या बदल्यात काय करता येईल? वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला ठरल्यापेक्षा कमी देऊ नका. रस्त्याकडेला करवंदं, जांभळं, रानमेवा विकणाऱ्या बायांशी भाव पाडू नका. फोटो काढण्याआधी विचारा. 

याच मुलखात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या सुरू केल्या. पावसाळ्याच्या तोंडावर घरातलं धान्य संपलं की सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. 1942 मध्ये त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात इंग्रजांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पेठच्या माथ्यावरून उत्तरेला सिद्धगड दिसतो तेव्हा बरोबरच्या मुलांना हे जरूर सांगा. वेळ असेल तर कशेळ्याहून मुरबाडच्या बाजूने पायथ्याशी जाऊन हुतात्मा स्मारकाला भेट देता येते.

लेणी, तळी आणि जुनी गावं

तिसरा दिवस सावलीचा ठेवा. कर्जतजवळ कोंदिवड्याहून सुमारे तासाभराच्या चालीवर, राजमाचीच्या पोटात कोंडाणे लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळातली ही लेणी लाकडी बांधकामाची नक्कल दगडात करतात. पिंपळपानाच्या आकाराची कमान, सज्जे, जाळ्या हे सगळं सुतारकाम वाटावं असं. दर्शनी भागातल्या यक्षमूर्तीच्या तुटक्या मस्तकाशेजारी ब्राह्मी अक्षरांत कण्हाचा शिष्य बलक याने हे केल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव असं सहजी वाचायला मिळत नाही. पावसाळ्यात समोर धबधबा कोसळतो आणि सगळे पाठ फिरवून त्याचे फोटो काढतात. वसंतात लेणं पूर्ण दिसतं. सकाळी जा.

माथेरानबद्दल थोडक्यात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये या डोंगरावर चढले आणि पुढे थंड हवेचं गाव वसलं. पीरभॉय घराण्याने उभारलेली नेरळची छोटी गाडी 1907 पासून धावते. वर मोटारींना बंदी आहे, त्या दस्तुरीला ठेवाव्या लागतात. शनिवार-रविवार टाळा, शार्लोट तळ्याकाठी सकाळी चाला, जुने पारशी बंगले बाहेरून बघा आणि भाई कोतवालांचं स्मारक बघायला विसरू नका. माकडांना खायला घालू नका.

खालापूर तालुक्यात मात्र अर्धा दिवस मोकळा ठेवा. कर्जतहून खोपोलीची लोकल डोंगराच्या कडेकडेने जाते, तोच एक प्रवास झाला. बोरघाटाच्या पायथ्याचं खोपोली हे पुणे-मुंबई वाटेवरचं जुनं मुक्कामाचं गाव. नाना फडणवीसांनी तिथे महादेवाचं देऊळ आणि प्रशस्त दगडी तलाव बांधला. घाट चढण्याआधी माणसं आणि बैल पाणी पीत, विसावा घेत. विरेश्वराच्या त्या तळ्याकाठी संध्याकाळी बसलं की जुन्या वाटांवर पाण्याची सोय करणं हा केवढा धर्म मानला जाई ते समजतं. जवळच अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आहे, त्याच्या मागेही तळं. चतुर्थीला रांग मोठी असते, एरवी सकाळी दर्शन निवांत होतं.

खोपोली-पाली रस्त्याने पुढे चावणी गावाजवळ उंबरखिंड. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी इथे मोगल सरदार कारतलबखानाला कोंडलं. घाट उतरून आलेली ती फौज अरुंद, दाट रानात अडकली, पुढे-मागे वाट नाही आणि पाण्यावाचून माणसं कासावीस झालेली. शेवटी फौजेतल्याच रायबागन या सरदारणीच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. ही लढाई समजून घ्यायची तर त्याच ऋतूत, त्याच कोरड्या हवेत तिथे उभं राहायला हवं. आता स्मारक आहे, शेजारी अंबा नदीचं पात्र आहे. दुपारी बारानंतर जाऊ नका.

चौकजवळचं मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेचं, पिण्याच्या पाण्याचं. ते सहलीचं ठिकाण नाही, रस्त्यावरूनच बघा. त्याच डोंगरात इर्शाळगडाखाली इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळून ती गाडली गेली. तिथे फोटो काढायला जाऊ नका. वाचलेल्या माणसांच्या आप्तांची ती शेवटची जागा आहे.

घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर क्रम उलटा करा. आधी खोपोली, महड आणि माथेरान, मग कशेळ्यात एक मुक्काम, सकाळी आंबिवलीचं लेणं आणि कालव्याकाठचा भात. पेठचा किल्ला फक्त पेठ गावापर्यंत केला तरी चालतो, सुळका तिथूनही छान दिसतो. भीमाशंकरला अशा मंडळींना पुण्याच्या बाजूने गाडीनेच न्या. परतीला कर्जत स्टेशनवर गाडीला वेळ असेल तर दिवाडकरांचा बटाटावडा खाऊन घ्या. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं इथेच जोडतात, मुलांना ते बघायला फलाटाच्या टोकाला न्या. आणि डोंगरात वापरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, पाकिटं, सगळी पिशवीत भरून आपल्या घरच्या कचऱ्यात टाका. पेठला किंवा पदरवाडीला कचरा उचलायला गाडी येत नाही.